तोंडातली पूर्वसूचना : विडा, सुपारी आणि एका आजाराचा इतिहास

इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की गड, दफ्तरे, संस्थाने आणि घराणी डोळ्यांसमोर येतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत तो इतिहास अभिमानाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण याच घरांत आणखी एक वस्तू वारशाने चालत आली, ती म्हणजे पानाचा डबा. त्या डब्याशी जोडलेल्या एका आजाराचा इतिहास येथे मांडायचा आहे. तोंडाचा कर्करोग पुष्कळदा अचानक येत नाही. वर्षानुवर्षे आधी तो एखादी खूण पाठवतो : गालाच्या आत पुसता न येणारा पांढरा चट्टा, लालसर मखमली डाग किंवा दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड. ही खूण कोणी वाचली, कशी वाचली आणि आपल्या घरांत ती का दुर्लक्षित राहिली, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आरंभ विड्यापासून करू. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या उपभोगांत तांबूलभोगाला स्वतंत्र स्थान आहे. पान, सुपारी, चुना, सुगंधी द्रव्ये असा तो थाट. त्यात तंबाखू नाही आणि असणे शक्यही नव्हते. तंबाखू ही अमेरिकेतली वनस्पती. ती पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने ती विजापुराहून बादशहाकडे नेऊन दाखवली, तेव्हा उत्तरेत ती नवलाची वस्तू होती. पुढे आपल्या सीमाभागातले निपाणी तर तंबाखूची मोठी पेठ म्हणून नावारूपाला आले.

या इतिहासातून आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली. तंबाखू परकी, म्हणून दोषी. सुपारी आपली, म्हणून निर्दोष. “आमच्याकडे तंबाखू नाही हो, जेवणानंतर नुसतं सुपारीचं खांड,” हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल, कदाचित म्हटलेही असेल. या लेखात जे पणाला लागले आहे ते हेच वाक्य.

वैद्यकाची नोंद पाहू. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याला ‘ल्युकोप्लाकिया’ हे नाव १८७७ मध्ये बुडापेस्टच्या श्विमर या त्वचारोगतज्ज्ञाने दिले. आपल्या देशात १९०२ मध्ये मद्रासच्या निब्लॉक यांनी आणि १९३३ मध्ये त्रावणकोरातल्या ऑर यांनी गालाचा कर्करोग आणि विडा चघळण्याची सवय यांची सांगड घातली. तरीही ते लक्ष प्रत्यक्ष कर्करोगावर होते. आधीच्या खुणेकडे वळायला आणखी काही काळ जावा लागला.

त्या खुणेची एक महत्त्वाची नोंद झाली ती भारतात नव्हे, तर केनियात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने तिथल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडाचे वर्णन केले. आतली त्वचा पांढुरकी आणि ताठ झालेली, तोंड उघडायला त्रास. त्याने दिलेल्या लांबलचक लॅटिन नावात ‘अकारण’ अशा अर्थाचा शब्द होता, कारण हे कशाने झाले ते उमगत नव्हते. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. माणसे समुद्रापार गेली, त्यांच्याबरोबर त्यांच्या सवयी गेल्या आणि सवयींबरोबर आजारही गेला. स्थलांतरित घरे भाषा जपतात, सणवार जपतात, तसा डबाही जपतात. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, आपल्याकडच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींचा हाच विकार वर्णन केला. त्वचेखाली तंतू दाटून तोंड आखडते, असे सांगणारे ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव त्यातून रूढ झाले. १९५६ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. पेमास्टर यांनी गालाच्या कर्करोगाच्या ६५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या आखडलेल्या तोंडात कर्करोग उद्भवतो हे दाखवून दिले. १९६६ मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी या विकाराची जी व्याख्या केली, ती आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

मात्र रुग्णालयात येतो तो रोगी. खूण बाळगून घरीच बसलेला माणूस शोधायचा तर गावात जावे लागते. ते काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, दरभंगा आणि सिंगभूम या पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन त्यांनी ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडे तपासली. १९६९ मध्ये तो अभ्यास छापला गेला. पुढे महाराष्ट्रात १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी झाली आणि ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. साधनसामग्री काय होती? उजेड, आरसा, वही आणि “तुम्ही काय चघळता, काय ओढता?” हा प्रश्न.

या पाहण्यांतून एक साधी गोष्ट स्पष्ट झाली : जिथे सवय, तिथे खूण. श्रीकाकुलमच्या किनारी गावांत बायका चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढतात, तिथे टाळू बिघडलेला. विडा गालात धरून ठेवणाऱ्यांच्या गालात चट्टा. आपल्या गोव्यातही धुमटी अशीच उलटी ओढली जाई. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी तिथल्या ५,४४९ ग्रामस्थांची तपासणी झाली होती.

आता पुन्हा सुपारीकडे. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक ठरवला. बिनतंबाखूच्या विड्याबद्दल तेव्हा पुरेसा पुरावा नव्हता. तो पुढे साठत गेला. भावनगर भागात सुपारी, चुना आणि किंचित तंबाखू यांचा ‘मावा’ तरुणांत पसरला होता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या पाहणीत आखडलेल्या तोंडाचे १६४ पुरुष सापडले. त्यांतले चार वगळता सगळे सुपारी खाणारे होते आणि सुमारे ८५ टक्के पस्तिशीच्या आतले. म्हातारपणाचा म्हणून समजला जाणारा आजार पोरांच्या तोंडात आला होता. अखेर २००४ मध्ये त्याच संस्थेने निकाल दिला : तंबाखू नसलेला विडाही कर्करोगकारक आणि नुसती सुपारीही कर्करोगकारक. तिच्यातला ॲरेकोलिन हा द्रव्यांश तोंडाच्या त्वचेखाली तंतू वाढवतो. श्वार्ट्झच्या ‘अकारणा’ला कारण सापडले, आणि ते आपल्या डब्यात होते.

धोका किती, असे तुम्ही विचाराल. एर्नाकुलममध्ये सबम्युकस फायब्रोसिसचे ६६ रुग्ण सतरा वर्षांपर्यंत नजरेखाली ठेवले, त्यांतल्या पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, कर्करोग झाला. पांढऱ्या चट्ट्यांतले बहुतेक कर्करोगापर्यंत जात नाहीत. लाल किंवा लाल-पांढरे मिश्र चट्टे अधिक घातक. म्हणूनच आज तज्ज्ञ ‘कर्करोगपूर्व’ असे ठामपणे न म्हणता ‘कर्करोगाची शक्यता असलेले विकार’ म्हणतात. शब्दातला हा फरक महत्त्वाचा आहे. खूण दिसली म्हणजे शिक्षा झाली असे नव्हे, ती सूचना आहे. गावोगावच्या दीर्घ अभ्यासांत असेही दिसले की सवय सोडणाऱ्यांचे पांढरे चट्टे पुष्कळदा कमी होतात. आखडलेले तोंड मात्र सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून तिथे उशीर महाग पडतो. केरळात तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा दारूची सवय असलेल्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

कायदेही झाले. गोव्याने २००५ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, मध्य प्रदेश व महाराष्ट्राने २०१२ मध्ये. पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतच राहिली. आणि घरातल्या डब्यापर्यंत कोणताही कायदा पोचत नाही.

तिथे पोचायचे ते आपणच. तोंडात आग होऊ लागली, जेवणातले तिखट सोसेना झाले की आपल्याकडे “उष्णता झाली” म्हणतात, “तोंड आलंय” म्हणून तूप लावतात. घास मोठा घेता येईना की वयावर ढकलतात. पूर्वी या गोष्टींचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता, म्हणून आजी-आजोबांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्याला मात्र तो ठाऊक आहे. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा दोन-तीन आठवड्यांत न जाणारा चट्टा वा जखम असेल, तर दंतवैद्याला दाखवा. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात गाल, जीभ, जिभेखालची जागा पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही, मान राखून, तेवढे करायला सांगा.

सुपारीचा मान यात कमी होत नाही. मंगलकार्यात गणपती म्हणून आपण तिलाच तांदळावर मांडतो, लग्न ठरले की सुपारी फोडतो. ती तिथे शोभते, तिथेच राहू द्या. पितळेचा डबा घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवा. घराण्याची आठवण म्हणून तो मोलाचा आहे. फक्त तो रिकामा असावा, एवढीच विनंती.