चालीत अडकलेली अक्षरं

परवा व्हिडिओ कॉलवर नात पहिलीच्या पुस्तकातली कविता 'वाचून' दाखवत होती. पान उलटायचं राहिलं तरी वाचन सुरूच! हसू आलं, आणि १९७४ सालचा माझा पहिलीचा वर्ग आठवला.

एक मुलगा झकास चालीत कविता म्हणायचा. वर्षभर मी त्याला शाबासकी देत होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याच कवितेतला एक शब्द फळ्यावर लिहिला. पोर गप्प! साहेब माझ्याकडे बघत होते, पोर जमिनीकडे. रात्री झोप लागली नाही.

आपल्याकडे पाठांतर जुनंच. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि संध्याकाळी परवचा म्हणायचा. डोळे एकीकडे, तोंड दुसरीकडे. गाण्याला शिक्षणात मानाची जागा दिली ती बालवाडीवाल्यांनी. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं वारल्यांची. ती शाळेत येईनात, तर यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. 'अंगणवाडी' तिथली! महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे. गोष्टी, गाणी आणि खेळ आधी, अक्षरं सावकाश. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मिळालं तर जरूर वाचा.

हे सगळं मला पुढे वाचनातून कळलं. तेव्हा मी आपली माझ्या परीने धडपडले. गाणं मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावलं. म्हणताना शब्दाखाली छडी फिरवायची (छडीचा तेवढाच चांगला उपयोग). मध्येच थांबायचं. छडी कुठल्या शब्दावर आहे? मग तोच शब्द पट्टीवर लिहून मुलांच्या हातात द्यायचा आणि कागदावर शोधायला लावायचा. यमकाचा फार उपयोग झाला. माळ, बाळ, टाळ... कानाला सारखं लागतं ते डोळ्यांनाही सारखं दिसतं, हे मुलांना एकदा उमगलं की 'ळ' वेगळा शिकवावा लागत नाही. नुसती बाराखडी घोकून हे झालं नसतं, असं माझं मत. काही सहकाऱ्यांना ते पटायचं नाही. असो.

तो मुलगा मार्चपर्यंत वाचू लागला. अडखळत, पण चालीशिवाय.

नातीला म्हटलं, "बाळा, आता प्रत्येक शब्दावर बोट ठेवून म्हण बरं." दुसऱ्याच ओळीत बोट मागे राहिलं आणि तोंड पुढे गेलं. "आजी, थांब हं," म्हणाली, आणि पान नाकाजवळ घेतलं.