भिंत न बिघडवता घरी ध्वनिमुद्रण : अकूस्टिक फोम तात्पुरता कसा लावावा

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत जात्यावरच्या ओव्या, पाळणे, भारुडे आणि भजने तोंडपाठ असलेली वडीलधारी माणसे आजही आपल्या घरांत आहेत. १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात आला. कानडी आणि दखनी शब्द सहज मिसळलेली आपली मराठी या गाण्यांत जशी सापडते, तशी पुस्तकांत सापडत नाही. माणिकनगरच्या माणिकप्रभूंची मराठी, कानडी, हिंदी पदेही अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जातात.

वहीत उतरवून घेतले तर शब्द राहतात, पण चाल, हेल आणि उच्चार जातात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रात उभ्या केलेल्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यांतल्या ध्वनिमुद्रित ओव्या ऐकल्या की हा फरक लगेच कळतो. आपल्याकडचे हे काम घरच्या घरी, मोबाइलवर किंवा साध्या माइकवर करता येते. अडचण येते ती खोलीची, आणि घर भाड्याचे असेल तर भिंतीची.

खोली का घुमते

कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी आपल्याकडे घरोघर आहे. ती टणक व गुळगुळीत असते, म्हणून आवाज शोषत नाही, परत फेकते. त्यात सिमेंटच्या कोऱ्या भिंती आणि स्लॅबची भर पडली की शब्द एकमेकांत मिसळतात. विजापूरच्या गोलघुमटात आपण हौसेने ऐकतो तोच हा गुण. ओवी टिपताना मात्र तो दोष ठरतो. उलट मातीच्या भिंतींचे माळवदाचे घर, धान्याची पोती आणि गाद्या ठेवलेली खोली फारशी घुमत नाही. तशी खोली असेल तर आधी तिथेच मुद्रण करून पाहावे, कदाचित फोमची गरजच पडणार नाही.

परीक्षा सोपी आहे. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा झणकार आला तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत असे समजावे.

फोम काय करतो, काय करत नाही

फोम खोलीतला घुमारा कमी करतो. बाहेरचा आवाज अडवत नाही. रस्त्यावरचा ट्रॅक्टर, शेजारचा मिक्सर किंवा भोंगा फोममुळे थांबणार नाही. त्यासाठी दार-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात आणि पहाटेची वेळ निवडावी. पंखा व फ्रिज मुद्रणापुरते बंद ठेवावेत.

जाडीलाही महत्त्व आहे. १००० हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते, १०० हर्ट्‌झच्या लहरीची जवळजवळ साडेतीन मीटर. त्यामुळे एक इंची फोम फक्त तीक्ष्ण आवाज शोषतो आणि गाणे दबलेले वाटू लागते. बोलणे व गाणे यांसाठी निदान दोन इंची फोम घ्यावा. पखवाजाची घूम त्यानेही आवरत नाही. अंड्यांचे ट्रे लावून फारसे काही साधत नाही, आणि ते पटकन पेट घेतात.

सगळी भिंत झाकायची गरज नसते. गाणाऱ्याच्या मागची भिंत, दोन्ही बाजूंच्या भिंतींचा कानाच्या उंचीवरचा भाग आणि खाली सतरंजी किंवा घोंगडी एवढ्याने मोठा फरक पडतो. बाजूची नेमकी जागा शोधण्यासाठी गाणाऱ्याला माइकच्या जागी बसवावे आणि दुसऱ्याने भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. आरशात गाणाऱ्याला स्वतःचे तोंड दिसेल तिथे पहिला फोम लावावा.

भिंतीला हात न लावता

आमच्या मते पहिली पसंती याच पद्धतीला द्यावी. दोन खिडक्यांच्या गजांना किंवा जुन्या खुंट्यांना दोरी बांधून तिच्यावर जाड गोधडी वा वाकळ दुहेरी टाकावी. ती भिंतीपासून चार-पाच बोटे दूर राहिली तर अधिक चांगले, कारण मागच्या पोकळीमुळे खालचे सूरही थोडे शोषले जातात. फोम असेल तर तो लाकडी चौकटीवर बसवून चौकट भिंतीला टेकवून ठेवावी. कपडे वाळत घालायचा स्टँडही चालतो. काम झाले की सगळे उचलून ठेवता येते.

भिंतीवर लावायचाच असेल तर

फोम थेट भिंतीला चिकटवू नये. स्प्रेचा गोंद किंवा फेव्हिकॉल लावला तर काढताना रंगाचे पोपडे निघतात आणि फोमही फाटतो. आधी खोक्याच्या जाड पुठ्ठ्यावर फोम चिकटवावा आणि मग तो पुठ्ठा भिंतीवर टांगावा. यासाठी गादी-सोफ्याचे कारागीर वापरतात तो रबरी गोंद घ्यावा, खिडक्या उघड्या ठेवून लावावा आणि एक दिवस वाळू द्यावा. पुठ्ठ्याऐवजी थर्माकोल घेऊ नये, या गोंदाने ते विरघळते. दोन फूट लांब-रुंद, दोन इंची फोमचे वजन पुठ्ठ्यासह साधारण पाऊण किलो भरते.

तैलरंगाच्या किंवा प्लास्टिक इमल्शनच्या भिंतीवर, ओढून काढता येणाऱ्या चिकट पट्ट्या चालतात. भिंत आधी कोरड्या फडक्याने पुसावी, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरावी आणि पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्माच भार द्यावा. काढताना पट्टीचे टोक भिंतीलगत सरळ खाली, सावकाश ओढावे. आपल्याकडे ओढले तर रंग निघतो.

चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर कोणतीच पट्टी टिकत नाही. ती भुकटीला चिकटते आणि भुकटीसकट पडते. अशा भिंतीवर आधीचे खिळे असतील तेवढेच वापरावेत. मातीच्या किंवा दगडी भिंतीवर खुंटी आणि दोरी हाच मार्ग.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पश्चिमेची भिंत तापली की गोंद मऊ पडतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये त्या भिंतीवर काही चिकटवू नये. कुठलीही पट्टी आधी कपाटामागे, न दिसणाऱ्या जागी दोन दिवस लावून पाहावी. भाड्याचे घर असेल तर घरमालकांना आधी सांगावे आणि भिंतीचा फोटो काढून ठेवावा.

आगीबाबत

ही बाब सर्वांत गंभीर आहे. साधा पॉलियुरेथेन फोम क्षणात पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या एका नाइटक्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या फोमला लागून १०० माणसे गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात अशाच आगीत २४२ जण मृत्युमुखी पडले. गाद्यांच्या दुकानातला फोम भिंतीवर लावू नये. अग्निरोधक म्हणून प्रमाणित केलेलाच घ्यावा. तोही पेटतच नाही असे नाही. भजनाचे मुद्रण असले तरी समई, निरांजन, उदबत्ती त्या खोलीत लावू नये. वीज गेली तर मेणबत्ती न लावता बॅटरी वापरावी. स्विचबोर्ड, बल्ब आणि एकमेव दार यांच्याजवळ फोम नसावा. मुद्रण संपले की फोम उतरवून ठेवावा, म्हणजे मागे पाली व झुरळेही घर करत नाहीत.

मुद्रण करताना

माइक किंवा मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. मोबाइल विमान मोडवर टाकावा. शक्य असेल तर वेव्ह स्वरूपात साठवावे. सुरुवातीला गाणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने नाव, माहेर, सासर आणि ओवी कोणाकडून शिकली ते सांगावे. एक प्रत घरात आणि दुसरी दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

फोम मिळेपर्यंत थांबायचे मात्र कारण नाही. दोन गोधड्या, एक सतरंजी आणि पहाटेची शांतता असली की काम सुरू करता येते. आजींचा आवाज आज आहे. तो आजच टिपावा.