महाविद्यालयांची क्रमवारी आणि वृत्तपत्रे

मुलामुलींचे लग्न जमविताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, आप्तेष्टांस विचारतो, घर पाहून येतो. मगच होकार देतो. परंतु त्याच मुलामुलींच्या आयुष्याची दिशा ज्या महाविद्यालयात ठरावयाची, त्याची निवड मात्र एखाद्या नियतकालिकातील छापील क्रमांक पाहून करतो. हा क्रमांक येतो कोठून, हे आपल्या समाजातील पालकांस ठाऊक असावे, म्हणून त्याचा थोडका इतिहास येथे देत आहे.

या प्रथेचा मोठा प्रसार अमेरिकेत झाला. ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या साप्ताहिकाने 1983 साली महाविद्यालयांच्या अध्यक्षांस पत्रे धाडून उत्तम संस्था कोणत्या, असे विचारले व आलेल्या उत्तरांवरून यादी छापली. ती केवळ प्रतिष्ठेची मोजणी होती. 1985 व 1987 मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला आणि पुढे यादी दरवर्षी निघू लागली. नुसत्या मतावर क्रम लावणे योग्य नव्हे, असा आक्षेप अध्यक्षांनीच घेतल्यावर 1988 पासून आकडेवारीचीही जोड देण्यात आली. यादीस वाचक इतके लाभले की, 2010 अखेर त्या नियतकालिकाचा नेहमीचा छापील अंक बंद पडला, तरी यादी मात्र चालूच राहिली.

आता ही आकडेवारी द्यावयाची कोणी? अर्थात महाविद्यालयांनीच. येथून वृत्तव्यवसाय व विद्यालये यांची विलक्षण भागीदारी सुरू झाली. सर्वांस एकाच नमुन्यात माहिती भरता यावी म्हणून प्रकाशक आणि महाविद्यालये यांनी मिळून एक सामाईक तक्ताही सिद्ध केला. सोय झाली, यात संशय नाही; पण ज्याची परीक्षा, त्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासून गुण कळवावेत, असा हा प्रकार झाला.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. अर्ज करणाऱ्यांपैकी जितक्या थोड्यांस प्रवेश, तितके अधिक गुण, असा एक नियम त्या यादीत होता. साहजिकच अधिक अर्ज मागवून अधिक विद्यार्थी नाकारणे हेच लाभाचे ठरू लागले. हा नियम 2018 साली काढून टाकण्यात आला. ऑरेगन प्रांतातील रीड कॉलेजने 1995 साली माहिती देण्याचेच नाकारले. त्याचा क्रम तत्काळ घसरला, तथापि संस्था आपल्या निश्चयापासून ढळली नाही. याउलट क्लेअरमाँट मॅकेना व एमरी या दोन नामांकित संस्थांस आपण चुकीचे आकडे कळविल्याचे 2012 साली जाहीरपणे मान्य करावे लागले.

सर्वात बोधप्रद उदाहरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे होय. 2022 च्या आरंभी ते यादीत दुसऱ्या स्थानी होते. त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी फेब्रुवारी 2022 मध्ये कळविलेले आकडे उपलब्ध कागदपत्रांशी ताडून पाहिले. 20 पेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग 82.5 टक्के आहेत, असे विद्यापीठाने कळविले होते. पुढे विद्यापीठानेच दुरुस्त करून दिलेला आकडा सुमारे 57 टक्के निघाला. त्याच सप्टेंबरात त्याचा क्रमांक 18 वर गेला. यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, सहा महिन्यांत तेथील अध्यापक बदलले नव्हते, ग्रंथालय बदलले नव्हते. बदलला तो केवळ कागदावरील अंक. 2023 च्या जूनमध्ये विद्यापीठाने पदवी अभ्यासक्रमापुरती या यादीस माहिती देणेच थांबविण्याचे जाहीर केले.

मग वृत्तपत्रे निरुपयोगी काय? तसे मुळीच नव्हे. त्याच अमेरिकेत विद्यार्थ्यांनी चालविलेल्या वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. हार्वर्डचे ‘क्रिम्झन’ 1873 पासून, कोलंबियाचे ‘स्पेक्टेटर’ 1877 पासून आणि ‘येल डेली न्यूज’ 1878 पासून चालत आले आहे. वसतिगृहाची स्थिती, वाढती फी, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, अध्यापकांशी असलेले संबंध यांचे दर्शन क्रमांकात घडत नाही. ते अशा पानांतून घडते. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलांनी ती अवश्य वाचावीत.

आपल्या देशातही नियतकालिके अशा याद्या छापतात. शिवाय केंद्र शासनाने 2015 साली राष्ट्रीय मानांकनाची चौकट जाहीर केली व 2016 साली तिची पहिली यादी प्रसिद्ध झाली. तिच्यासाठीही बरीचशी माहिती संस्थाच पुरवितात. परंतु ती माहिती संस्थेने लोकांसमोर ठेवावी, असा दंडक आहे. म्हणजे थॅडियस यांनी केले ते काम, वर्ग मोजण्याचे व अध्यापक मोजण्याचे, थोड्याफार प्रमाणात कोणताही साक्षर पालक करू शकेल.

आपल्यापैकी कित्येक कुटुंबे कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून मुलांस शिकवितात. त्यांस माझे नम्र सांगणे इतकेच की, यादी जरूर पाहावी, पण ती चौकशीचा आरंभ समजावी, शेवट नव्हे. फी किती, वर्गात मुले किती, किती जण शिक्षण पूर्ण करतात, हे स्वतः विचारावे. आपल्याच समाजातील जी मुले तेथे शिकत असतील, त्यांस पत्राने वा समक्ष गाठावे. स्थळ पाहताना जी दक्षता आपण घेतो, तीच येथे घेतली, तर मुलांचे कल्याणच होईल.