जुन्या गाडीची हरवलेली उचल

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत एम. जी. बी. नांवाची एक स्पोर्ट्‌स मोटार तयार होत असे. १७९८ घन सेंटीमीटरचें साधें चार सिलिंडरांचें इंजिन, बसकी बांधणी आणि ताशीं १०० मैलांच्या वर जाण्याची ऐपत, एवढ्या भांडवलावर तिच्या पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांतील कित्येक आजहि रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली आहे. गाडी सुरू होते, सपाट रस्त्यावर बरी चालतेहि. पण ॲक्सिलरेटर दाबतांच तिनें उसळी घ्यावी, तर ती क्षणभर घुटमळते, आवंढा गिळते आणि मग नाइलाजानें वेग धरते. ‘तिचें वय झालें’ असें म्हणून मालक समाधान मानतो, किंवा मूळचे कार्बुरेटर काढून टाकून नवे बसवतो. या दोन्ही निर्णयांत घाई आहे. हें घुटमळणें म्हातारपणाचें लक्षण असतेंच असें नाहीं. मोटार जन्मली तेव्हांपासून तें तिच्याबरोबर आहे. आणि माणसानें त्यावर कोणते उपाय योजले हें ज्याला ठाऊक आहे, त्याला आजच्या दुखण्याचें मूळहि लौकर सांपडतें.

पेट्रोल इंजिनाला नुसतें पेट्रोल पचत नाहीं. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. हें प्रमाण फार बिघडलें कीं इंजिनाचें बळ कमी होतें. १८९३ सालीं जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें, हवेच्या वाटेंत एक बारीक तोटी ठेवून हवेच्याच ओढीनें पेट्रोलचा तुषार उडवणारा कार्बुरेटर पुढें आणला. त्याच वर्षीं हंगेरींत डोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीं याच तत्त्वावर पेटंट घेतलें. कल्पना अत्तराच्या फवाऱ्याइतकी सोपी होती. पण तोटीचें भोंक एकाच मापाचें, आणि इंजिनाची भूक मात्र क्षणोक्षणीं बदलणारी. इंजिन हळू फिरत असतां ओढ कमी पडे व पेट्रोल अपुरें येई. तें जोरानें फिरूं लागलें कीं पेट्रोल गरजेपेक्षां जास्त येई. सर्वांत अवघड क्षण म्हणजे थ्रॉटलची झडप एकाएकीं उघडण्याचा. हवा हलकी, ती ताबडतोब धांव घेते. पेट्रोल जड, तें मागें रेंगाळतें. तेवढ्या क्षणापुरतें मिश्रण पातळ होतें, आणि गाडीला धाप लागते.

यावर निरनिराळ्या देशांत निरनिराळे उपाय निघाले. फ्रान्समध्यें फ्रांस्वा बाव्हरे यानें मुख्य तोटीच्या जोडीला एक पूरक तोटी देऊन प्रमाण सांवरलें. झेनिथ कार्बुरेटरचा पाया तोच. पुढें अनेक कारखानदारांनीं पेडलाला एक लहानसा पंप जोडला. पेडल दाबतांच तो पेट्रोलची एक चिळकांडी आंत सोडतो, आणि उणीव भरून निघते. परंतु या सर्व उपायांहून वेगळा विचार लंडनमधील एका जोडे विकणाऱ्या घराण्यांतील माणसानें केला.

त्याचें नांव जॉर्ज हर्बर्ट स्किनर. ‘लिली अँड स्किनर’ ही जोड्यांची पेढी त्याच्या घराण्याची. त्याचा ओढा मात्र यंत्रांकडे. १९०४-०५ च्या सुमारास त्यानें असा विचार केला कीं, भोंक ठरावीक ठेवून मागाहून दुरुस्त्या करीत बसण्यापेक्षां भोंकच गरजेप्रमाणें लहानमोठें होऊं द्यावें. त्यानें हवेच्या वाटेंत वरखालीं सरकणारा एक दट्ट्या बसवला व त्याच्या तळाशीं खालीं निमुळती होत जाणारी एक सुई लावली. ही सुई पेट्रोलच्या तोटींत उतरलेली असे. इंजिनानें जास्त हवा ओढली कीं दट्ट्या वर उचलला जाई. त्यामुळें हवेची वाट रुंदावे आणि त्याच वेळीं सुई वर येऊन तोटीचें भोंकहि मोठें होई. तोटीवरची ओढ मात्र जवळजवळ सारखीच राही. आरंभीच्या कार्बुरेटरांत दट्ट्याच्या जागीं चामड्याचा भाता होता. जोड्यांच्या पेढींत वाढलेल्या माणसाला चामडें सुचावें यांत नवल नाहीं. धातूचा दट्ट्या मागाहून आला.

जॉर्जचा धाकटा भाऊ कार्ल यानें जोड्यांच्या धंद्यांतील आपला वांटा विकून या कामांत उडी घेतली, आणि १९१० सालीं ‘एस. यू.’ कंपनी उभी राहिली. ही अक्षरें ‘स्किनर युनियन’ यांचीं. यंत्र उत्तम असलें तरी धंदा सुखाचा नव्हता. अखेर १९२६ सालीं ऑक्सफर्डचे मोटार कारखानदार डब्ल्यू. आर. मॉरिस यांनीं कंपनी विकत घेतली. मॉरिस यांच्याच ‘मॉरिस गॅराजेस’मधून एम. जी. गाड्या निघाल्या होत्या. तेव्हां एस. यू. कार्बुरेटर त्यांना घरचाच झाला. एम. जी. बी. वरहि, अमेरिकेंत पाठवलेल्या शेवटच्या वर्षांतील गाड्या सोडल्यास, याच जातीचे दोन कार्बुरेटर असत.

आतां मूळच्या तक्रारीकडे वळावें. स्किनरच्या यंत्रांतहि एक उणीव होती. झडप एकदम उघडली कीं दट्ट्या झटक्यासरशीं वर उडे, तोटीवर ओढ वाढत नसे, आणि मिश्रण नेमकें हवें तेव्हां पातळ पडे. पुढें यावर जो इलाज निघाला तो फार साधा आहे. दट्ट्याच्या पोकळ दांड्यांत थोडें तेल भरून त्यांत एक लहान डँपर बुडवला. तेल दट्ट्याला सावकाश वर येऊं देतें, खालीं जातांना मात्र अडवीत नाहीं. दट्ट्या क्षणभर मागें राहिल्यामुळें अरुंद वाटेंतून हवा अधिक जोरानें धांवते, जास्त पेट्रोल ओढते, आणि गाडी उसळी घेते. दुसऱ्यांनीं जें पंपानें साधलें, तें येथें थोड्याशा तेलानें साधलें. म्हणूनच तें आटलें कीं गाडी घुटमळते. पोकळ दांड्याच्या तोंडावर अर्धा इंच येईपर्यंत तेल भरणें, एवढ्यानेंच कित्येकदां अर्धी तक्रार मिटते.

पण उरलेल्या अर्ध्या तक्रारीसाठीं क्रम पाळला पाहिजे. प्रथम पेडल पूर्ण दाबल्यावर झडप खरोखर पूर्ण उघडते कीं नाहीं हें पाहावें; तार सैल असेल तर बाकीचा सर्व खटाटोप फुकट. ब्रेक चाकाला धरून राहत नाहींत ना, क्लच घसरत नाहीं ना, सिलिंडरांतील दाब सारखा आहे ना, हें तपासावें. मग ठिणगीकडे वळावें. जुन्या काळीं ठिणगीची वेळ पुढेंमागें करण्यास चालकापाशीं एक दांडी असे. पुढें तें काम डिस्ट्रिब्यूटरमधील दोन लहान वजनांवर आलें. वेग वाढला कीं तीं बाहेर फांकतात व ठिणगी लौकर पडते. वर्षानुवर्षांचें ग्रीस घट्ट होऊन हीं वजनें अडकलीं, तर कार्बुरेटर कितीहि नीट असला तरी गाडी जड वाटते. हवा कोठून चोरवाटेनें शिरत नाहीं ना, हेंहि याच वेळीं पाहून घ्यावें.

इतकें झाल्यावरच कार्बुरेटरला हात लावावा. इंजिन बंद असतां दट्ट्या बोटानें उचलून सोडला कीं तो ‘टक्‌’ असा स्पष्ट आवाज करून बसला पाहिजे. नंतर तापलेलें इंजिन चालू ठेवून दट्ट्या इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतका उचलावा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. वेग लगेच पडला तर पेट्रोल कमी. किंचित्‌ वाढून पुन्हां स्थिरावला तर प्रमाण योग्य.

अलीकडे या दुखण्यांत एका नव्या कारणाची भर पडली आहे. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत एथेनॉल मिसळतात. जुन्या रबरी नळ्या त्यानें झिजतात. शिवाय एथेनॉलला जळण्यास हवा कमी लागत असल्यामुळें, जुन्या मापावर बसवलेलें मिश्रण थोडें पातळ पडतें. नळ्या बदलून व तोटी किंचित्‌ खालीं घेऊन हेंहि सांवरतां येतें.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० सालीं बंद झाला; त्यानंतर निघालेल्या नव्या मोटारींत कार्बुरेटरची जागा पेट्रोल मोजून फवारणाऱ्या विद्युत्‌यंत्रांनीं घेतली. इंजिनाचा आवाज ऐकून मिश्रण ओळखणारे कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत. अशा वेळीं गाडी थकली असें ठरवून तिचे मूळचे भाग फेंकून देणें, म्हणजे कार्लनें ज्यासाठीं जोड्यांच्या धंद्यांतील आपला वांटा विकला, तें समजून घेण्याआधींच टाकून देणें होय. तेल किती, सुई कोणती, वजनें मोकळीं आहेत कीं नाहीं, एवढें पाहण्यास एक दुपार पुरते. तेवढी दुपार दिली, तर गाडीचें वय झालें नव्हतें, तिच्याकडे कोणी पाहिलें नव्हतें, असेंच बहुधा दिसून येतें.