समासांतील टिपा व केल्टिक भाषांचें अध्यापन

पोथी हातीं आली म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम मूळ ग्रंथ, ग्रंथकर्ता व लेखनकाल यांकडे वळते. समासांतील किरकोळ टिपांकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. परंतु युरोपांतील विद्यापीठांत केल्टिक भाषांचें जें शास्त्रशुद्ध अध्यापन चालतें, त्याचा पाया अशाच टिपांवर घातला गेला, हें आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

आयर्लंडांत प्राचीन कथांची उणीव नाहीं. पण मुख्यतः आयरिश भाषेंत लिहिलेलें जें सर्वांत जुनें हस्तलिखित उपलब्ध आहे, तें सुमारें इ. स. ११०० चें होय. त्यांतील कित्येक कथा पुष्कळ जुन्या असल्या, तरी नकलकारांनीं आपापल्या काळास अनुसरून शब्दांचीं रूपें बदललीं. ज्ञानेश्वरीच्या पाठांचा विचार करणारांस ही अडचण नवी नाहीं.

या अडचणींतून मार्ग निघाला तो आयर्लंडाबाहेर. आयरिश मठवाशांच्या लॅटिन पोथ्या व्युर्त्सबुर्ग, मिलान व सेंट गॅलन येथें जतन झाल्या आहेत. पहिलींत पौलाचीं पत्रें, दुसरींत स्तोत्रांवरील भाष्य व तिसरींत प्रिस्कियनचें लॅटिन व्याकरण आहे. आणि तिहींतही ओळींच्या मध्यें व समासांत आठव्या-नवव्या शतकांतील आयरिश टिपा आहेत. मूळ लॅटिन शब्द शेजारींच असल्यामुळें अर्थ ठरवितां येतो, व उत्तरकालीन नकलकाराचा हात न लागल्यामुळें जुनें रूप टिकून राहिलें आहे.

बव्हेरियांतील योहान कास्पर झॉइस या अध्यापकानें ह्या टिपांच्या आधारें केल्टिक भाषांचें व्याकरण सिद्ध करून इ. स. १८५३ त लॅटिनमध्यें प्रसिद्ध केलें. तीनच वर्षांनीं तो निवर्तला. पण पुढील अध्यापनाची वाट मोकळी झाली. ऑक्सफर्ड येथें १८७७ त केल्टिकचें अध्यापकपद निर्माण होऊन जॉन ऱ्हीस याची नेमणूक झाली. एडिंबरो येथें १८८२ त डोनाल्ड मॅकिनन आला. बर्लिन येथें १९०१ त हाइनरिश झिमर याची नेमणूक झाली. हा मूळचा संस्कृतज्ञ. वेदकालीन लोकजीवनावरील त्याचा ग्रंथ १८७९ चा आहे.

आमच्या देशाशींही या विद्येचा संबंध आहे. व्हिट्ली स्टोक्स हा हिंदुस्थानांत कायदेविषयक अधिकारी असतां कलकत्त्यास जुन्या आयरिश लेखांचीं पुस्तकें छापीत असे. त्यांपैकीं एक १८६६ चें आहे. पुढें जॉन स्ट्रॅकन याच्या साह्यानें त्यानें विखुरलेल्या टिपा १९०१ व १९०३ या सालीं दोन खंडांत एकत्र केल्या. प्राचीन आयरिश शिकणारास आजही त्या खंडांवांचून गत्यंतर नाहीं.

ज्या लेखनिकानें त्या टिपा लिहिल्या, त्याचा हेतु केवळ लॅटिन वाक्याचा अर्थ लागावा, एवढाच होता. हजार वर्षांनीं त्यांवर एक विद्याशाखा उभी राहील, हें त्याच्या स्वप्नींही नसेल. म्हणून संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, जीर्ण पोथी बांधतांना समास कातरूं नयेत, आणि सूची करतांना त्यांतील टिपांचा निर्देश अवश्य करावा. मूळ ग्रंथाची दुसरी प्रत कोठें तरी मिळूं शकेल; समासांतील टीप मात्र बहुधा त्या एकाच पानावर असते.