वीज जमिनीवर कधी उतरली? भिवंडीच्या घरांतल्या प्लगचा इतिहास

  

आजचा विषय आहे घरातला प्लग. म्हणजे भिंतीवरचा बोर्ड, त्यातली भोकं, आणि खाटेखालून सरपटत आलेला एक्स्टेंशन बोर्ड. भिवंडीचा इतिहास म्हटला की आपण माग, संप, दंगली, गोदामं यांच्यावर बोलतो. हे विषय मोठे आहेत आणि त्यांवर बोललं पाहिजेच. पण ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे दिवसातून दहा वेळा एकच वाक्य ऐकू येतं: "हात नको लावूस, शॉक लागेल." आपल्या पणज्या हे चुलीबद्दल बोलायच्या, विहिरीबद्दल बोलायच्या. विजेबद्दल नाही. मग हे वाक्य विजेकडे कधी वळलं? आणि ते बोलत राहायची ड्यूटी घरातल्या बाईकडेच का आली? मला हा प्रश्न इतिहासाचा वाटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. भिवंडीत हातमाग जुने. यंत्रमाग आले साधारण १९३० च्या दशकात आणि त्यांच्याबरोबर विजेचं महत्त्व आलं. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर इथले माग झपाट्याने वाढले, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे या गावात वीज पहिल्यापासून मोटारीसाठी महत्त्वाची. घराची वीज म्हणजे तिची धाकटी बहीण. आजही वायरमन काय म्हणतो बघा: लहान प्लगला 'लाइट पॉइंट', मोठ्या जाड पिनांच्या प्लगला 'पॉवर पॉइंट'. पाच अँपिअर आणि पंधरा अँपिअर. हे दोन आकार इंग्रजांकडून आले, पुढे मोजणी सहा आणि सोळाची झाली, पण तोंडातले शब्द तेच राहिले.

आता जुन्या घरातला बोर्ड आठवा. लाकडी पट्टीतून आलेली वायर, लाकडी चौकट, त्यावर काळी बॅकेलाइटची बटणं, बाजूला चिनी मातीचा फ्यूज. एक दिवा, एक पंखा, आणि बटणांच्या शेजारी एखादं प्लगचं भोक. हा बोर्ड असायचा कुठे? मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. ही उंची कुणाच्या लहरीची नाही. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत प्लगसाठी दोनच उंची दिल्या आहेत: जमिनीपासून २५ सेंटिमीटर किंवा १३० सेंटिमीटर. महाराष्ट्रातल्या सामान्य घरांनी १३० ची निवड केली. कारण साधं आहे. प्लग बटणांच्याच बोर्डावर बसवला की वायर कमी लागते, भिंत कमी फोडावी लागते. स्वस्तात काम.

पण या स्वस्ताईने नकळत एक मोठी गोष्ट केली. १३० सेंटिमीटरला हात पोचायला मूल चार-साडेचार वर्षांचं व्हावं लागतं, तेही टाचा उंचावून. म्हणजे ज्या वयात मूल प्रत्येक भोकात बोट घालतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं, त्या वयात वीज त्याच्या आवाक्याबाहेरच होती. कुणी काही 'चाइल्डप्रूफ' वगैरे केलं नव्हतं. उंची हीच राखण होती. स्टूल ओढून वर चढणारी कार्टी होती, नाही असं नाही, पण स्टूल सरकवल्याचा आवाज तरी यायचा!

मग ही राखण गेली कशी? हळूहळू. आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर. त्याची ती दोन भोकांची सुटी वायर आठवते का? एक टोक बोर्डात, बटण चालू, आणि दुसरं टोक टेपमधून निघून लोंबकळतंय. ते मुलाने तोंडात घातलं तर ओठाचा कोपरा आतून जळतो, कारण ओली लाळ म्हणजे करंटला मोकळा रस्ता. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आला, मग मिक्सर, मग कूलर. खोली तीच, बोर्ड तोच, भोक एकच. वस्तू पाच. मग एक्स्टेंशन आलं. आणि २००३ मध्ये मोबाइलचं इनकमिंग फुकट झाल्यावर घरात जेवढी माणसं तेवढे चार्जर व्हायला फार वर्षं लागली नाहीत. रात्री माणूस झोपतो जमिनीवर, फोन उशाशी, म्हणून चार्जरही उशाशी, म्हणून एक्स्टेंशनही उशाशी. आणि त्याच गादीवर सात-आठ महिन्यांचं मूल.

म्हणजे १३० सेंटिमीटरवरची वीज दहा-वीस वर्षांत शून्यावर आली. त्याचा कुणी निर्णय घेतला नाही, कुठे ठराव झाला नाही. मला विचाराल तर आपल्या घरांच्या आतल्या इतिहासातला हा मोठा बदल आहे, आणि त्याची नोंद कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडणार नाही.

इथे थोडा वेळ इंग्लंडला जाऊ या. तिथे हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला होता. तिथली पद्धत प्लग खाली, जमिनीजवळ बसवायची. त्यामुळे मूल आणि भोक समोरासमोर. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने घरं पडली होती, ती नव्याने बांधायची होती, म्हणून विजेच्या इंजिनिअरांची एक समिती बसली. वीस जणांत बाई एकच. कॅरोलिन हॅस्लेट. बायकांनी वीज समजून घ्यावी, घरातलं काम तिच्याकडून करून घ्यावं, यासाठी आयुष्यभर झटलेली ही बाई. समितीचा अहवाल १९४४ साली आला आणि नव्या प्लगसाठी त्यात एक अट होती: मुलांच्या सुरक्षेसाठी भोकांवर झडप हवी. १९४७ साली त्या चौकोनी पिनांच्या प्लगचं ब्रिटिश मानक निघालं. त्यात वरची अर्थिंगची पिन लांब असते, ती आधी आत शिरते आणि खालच्या दोन भोकांची झडप उघडते. नुसता खिळा किंवा केसांची पिन घातली तर झडप बंदच राहते. आपण त्याला 'शटर' म्हणतो.

यातला विचार बघा. तोवर राखण होती आईच्या डोळ्यांत. हॅस्लेटसारख्यांनी ती वस्तूतच बसवली. डोळा लागतो हो, डोळा थकतो. झडप थकत नाही.

आणि आपण? १९४७ सालीच इंग्रज गेले, त्याच वर्षी आपली मानक संस्था सुरू झाली, जिला पुढे आपण 'आयएसआय' छापामुळे ओळखायला लागलो. पण प्लग आपण इंग्रजांचा जुनाच ठेवला, गोल पिनांचा, १९३४ च्या मानकातला. त्या जुन्या मानकात शटरची सक्ती नव्हती. आपलं स्वतःचं मानक, आयएस १२९३, १९५८ साली आलं, तेही गोल पिनांचंच. इंग्रजांनी टाकलेलं आपण कवटाळलं, असं म्हणून कुणी टाळ्या घेईल. मी नाही म्हणणार. गोल पिनांचे लाखो प्लग घराघरांत होते, ते बदलायला पैसे कुणाकडे होते? आणि बोर्ड वर होता, त्यामुळे झडपेची निकड कुणाला जाणवली नाही. पुढे बांधकाम संहितेत मात्र स्पष्ट आलं की जिथे मुलांचा हात पोचतो तिथे प्लग काढला की भोक आपोआप झाकलं जाईल असंच सॉकेट बसवावं, नाहीतर बटण आणि प्लग एकमेकांना अडकवलेले असावेत. वाक्य उत्तम आहे. पण ते भिंतीवरच्या सॉकेटसाठी. खाटेखालच्या एक्स्टेंशनपर्यंत ते वाक्य पोचायचं कसं?

आता परत भिवंडी. २००७ सालाकडे. २६ जानेवारी २००७ ला इथलं वीजवितरण महावितरणकडून फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे गेलं. देशात असा प्रयोग पहिलाच. त्याआधी दिलेल्या विजेच्या निम्म्याहून जास्तीचे पैसे वसूल होत नव्हते, आकडे टाकलेले होते, ट्रान्सफॉर्मर जळत होते. त्यानंतर मीटर बदलले, वायरी बदलल्या, गळती काही वर्षांत विशीच्या आसपास आली. बिलांवरून आणि मीटरवरून भांडणं झाली, मोर्चे निघाले, तो वाद अजून संपलेला नाही आणि आजचा तो विषयही नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. हा सगळा बदल मीटरपर्यंत झाला. मीटरच्या पुढे, घराच्या आतलं वायरिंग, ही ग्राहकाची जबाबदारी. कायद्यानेच तशी आहे. पण शांतीनगर, गायबीनगर, पद्मानगर इकडच्या भाड्याच्या खोल्यांत 'ग्राहक' कोण? मीटर मालकाच्या नावावर, राहतो भाडेकरू. मालक म्हणतो, लाइट दिलीय ना. भाडेकरू म्हणतो, अकरा महिन्यांच्या खोलीत मी भिंत कशाला फोडू? दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत. आणि मधे ते एक्स्टेंशन पडलेलं असतं. भाडेकरूला ते परवडतं आणि खोली सोडताना बरोबर नेता येतं.

अजून एक धागा आहे, तो अमेरिकेचा. कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स डाल्झिएल नावाच्या प्राध्यापकाने माणसाला किती करंट सहन होतो याचे प्रयोग केले. त्याला सापडलं की साधारण १६ मिलिअँपिअरला पुरुषाची मूठ आखडते, तार सोडता येत नाही. बाईचा आकडा साडेदहाच्या आसपास. मुलाचा त्याहून खूप कमी धरावा लागतो. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. आपला फ्यूज पाच अँपिअरच्या वर गेल्याशिवाय जळत नाही. हिशोब करा: फ्यूज वायर वाचवतो, मूल नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याच डाल्झिएलने करंट गळायला लागला की क्षणात वीज तोडणारं यंत्र बनवलं. आपल्याकडे त्याच जातीचं आरसीसीबी मिळतं, घरासाठी ३० मिलिअँपिअरचं.

आपल्या १९५६ च्या वीज नियमांत नंतर ६१-अ हा नियम घातला आणि असं यंत्र बंधनकारक केलं. मात्र ५ किलोवॅटच्या खालच्या साध्या जोडण्यांना सूट दिली. पुढच्या विनियमांत मर्यादा खाली आली, सूट पूर्ण संपली नाही. आता सांगा, ५ किलोवॅटच्या वर कोण? एसी असलेला फ्लॅट, बंगला. तिथे मूल पाळण्यात, वेगळ्या खोलीत. आणि खाली कोण? एक दिवा, एक पंखा, एक टीव्ही, चार फोन आणि जमिनीवर झोपलेली पाच माणसं. सूट देणाऱ्याने गरिबाचा खर्च वाचवला असं त्याला वाटलं असेल. माझ्या मते त्याने रेघ चुकीच्या जागी ओढली.

तोपर्यंत लोकांनी आपले उपाय काढले, आणि काही अपायही. शटरवाल्या सॉकेटमध्ये दोन पिनांचा चार्जर जात नसेल तर अर्थिंगच्या भोकात रिफिल किंवा काडी खुपसून शटर उघडायचं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पिन तुटली तर वायरची उघडी टोकं भोकात घालून वर आगकाडी ठोकायची, हेही पाहिलंय. दोन वर्षांचं पोर समोर बसून ते बघत असतं. मग तेच पोर दुसऱ्या दिवशी काडी घेऊन भोकापाशी जातं, आणि आपण म्हणतो भारी खोडकर आहे. खोडकर नाही हो. शिकतंय.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: भोकांना लावायची प्लॅस्टिकची टोपणं घ्यावीत का? यावर इंग्लंडात बराच वाद झाला. तिथे शटर असल्यामुळे उलट ही टोपणंच शटर उघडं ठेवू शकतात, म्हणून २०१६ साली तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने रुग्णालयांतून ती काढायला सांगितली. आपल्याकडे पहिल्यांदा बघा, शटर आहे का. बटण बंद करून बॅटरीच्या उजेडात भोकात नुसतं डोकवा. आत पितळ दिसलं तर शटर नाही. शटर असेल तर टोपण नको. नसेल तर सॉकेटच बदला, आयएसआय छापाचं घ्या. टोपण मूल नखाने काढतं आणि मग तेच तोंडात घालतं. आणि ज्या एक्स्टेंशनची भोकं कुठलीही पिन बसेल इतकी रुंद असतात, ते लहान मूल असलेल्या घरात आणूच नका.

दुसरी चिठ्ठी: भाड्याच्या खोलीत नेमकं काय करता येईल? भिंत न फोडता एक करता येतं. एक्स्टेंशन दोन स्क्रूंनी भिंतीवर, जुन्या बोर्डाशेजारी, छातीच्या उंचीवर लावा. फोन तिथेच चार्ज करा, उशाशी नाही. आणि मालकाशी बोलायचंच असेल तर रंग मागू नका, ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी मागा. चाळीतल्या चार खोल्यांनी मिळून मागा, म्हणजे एकाला 'खोली सोड' म्हणणं जड जाईल. ते बसलं की त्यावर 'टी' लिहिलेलं बारीक बटण असेल, महिन्यातून एकदा ते दाबायचं. वीज गेली तर यंत्र जिवंत आहे. नाही गेली तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.