ताप, गाठ आणि दाखला

रोगाची परीक्षा हा विषय डॉक्टरांचा. त्यावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावयाचे कारण एवढेच की, परीक्षा चुकली म्हणजे खाडा आमच्या माणसाचा पडतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक मुंबई सोडून पळू लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि कल्याणसारख्या स्थानकांवर उतारूंना रांगेत उभे करून तपासू लागले. प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगला सापडला होता. पण फलाटावर सूक्ष्मदर्शक कोठला? अंगात ताप आहे काय आणि काखेत, जांघेत गाठ आहे काय, एवढीच परीक्षा. आता कोकणातल्या माणसाला हिवतापाने ताप येतो, आणि अनवाणी पायाला ठेच लागून चिघळली की जांघेत अवधाण येते. असा माणूस अडकून पडे. उलट ज्याच्या अंगात विष शिरून दोनच दिवस झाले, त्याला ताप नाही, गाठ नाही. तो खुशाल गाडीत बसे. एकाच चाळणीला दोन भोके.

या दोन भोकांची मापे घेण्याची पद्धत रुळली ती अर्ध्या शतकाने. १९४७ साली अमेरिकेत क्षयासाठी छातीची क्ष-किरण चित्रे पाहताना आढळले की, तेच चित्र त्याच डॉक्टरने पुन्हा पाहिले तर मत बदलते. तेव्हा याकोब येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञाने दोन मापे मांडली. खऱ्या रोग्यांपैकी शेकडा किती सापडले, ती संवेदनशीलता. निरोग्यांपैकी शेकडा किती निरोगी ठरले, ती विशिष्टता. क्षयाच्या निदानासाठी रक्त तपासण्याचे जे संच बाजारात खपत होते, ते या दोन्ही मापांना उतरत नाहीत म्हणून भारत सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली. तोवर किती गरिबांनी पदरमोड करून ते कागद घेतले असतील!

आता २०२०. पनवेलहून मुंबईला कामावर जाणाऱ्यांना करोनाची झटपट अँटिजेन तपासणी ठाऊक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जून २०२० च्या पत्रकात त्या संचाची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, आणि संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के दिली होती. खालचे आकडे धरून हिशेब करू. कारखान्याच्या दारात हजार कामगार, त्यांत पन्नास रोगी. पंचवीस सापडतील, पंचवीस ‘रोग नाही’ असा दाखला घेऊन पाळीवर जातील. निरोगी साडेनऊशेंपैकी सहासात उगाच अडकतील.

साथ ओसरली आणि हजारांत पाचच रोगी उरले, असे धरा. संच तोच, मापे तीच. पाचांतले दोनतीन सापडतील; निरोगी नऊशे पंचाण्णवांतले सात मात्र रोगी ठरतील. म्हणजे धरलेल्यांत खऱ्यांपेक्षा खोटेच जास्त! हे मला पहिल्यांदा कागदावर मांडल्यावाचून पटले नव्हते. आपणही घरी मांडून पाहा.

लक्षणे असून तपासणीत रोग निघाला नाही, तर आर. टी. पी. सी. आर. करावी, असे त्या पत्रकात होते. रोग निघाला तर मात्र तो खराच धरावा, फेरतपासणी नको, असेही होते. त्या सातांच्या बुडालेल्या हजेरीविषयी त्यात काही नव्हते.